भुजलीची माय

राखीचं पोट दुखायला लागलं ते आखाडात, रोवण्याच्या ऐन घाईत, आणि ते काही खाण्यापिण्याने दुखत नव्हतं. रुचिकाने स्पेनच्या विमानतळावरून फोटो टाकला होता: डोळ्यांवर गॉगल, मागे काचेची भिंत, खाली लिहिलेलं 'होला'. तो फोटो आला तेव्हा राखी गुडघाभर चिखलात उभी होती आणि तिच्या हातात धानाच्या रोपांची पेंडी होती. तिने मोबाइल परत कमरेच्या पिशवीत कोंबला आणि पुढची दहा रोपं अशी काही खुपसली की तिची माय विमलाबाई ओरडली, "अवो, धान लावून राहिली का खिळे ठोकून राहिली?"

जळणार नाही तर काय करणार? स्पॅनिश आधी शिकली कोण? राखी. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा गावातल्या बाकीच्या पोट्ट्या मेंदीचे व्हिडिओ पाहत होत्या, आणि ही भावाचा काच फुटलेला मोबाइल घेऊन फुकटचे धडे गिरवत बसायची. काहून म्हणून विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. इंग्रजीचा धडा उघडायला गेली, बोट भलत्याच झेंड्यावर पडलं, आणि आवडलं. एवढंच. पाच वर्षांत तिने त्या भाषेतल्या मालिका पाहिल्या, रेडिओ ऐकला, कोणी नसलं की म्हशीशी बोलून पाहिलं. बांधीत, भाताच्या खाचरात, रोवताना ती क्रियापदं पुटपुटायची तेव्हा बाया म्हणायच्या, विमलाबाईच्या पोरीले कोणी मंत्र देल्ला बाप्पा. आणि रुचिका? ती राखीचं पाहून शिकली, तेही अर्धंमुर्धं. पण तिचे बाबा भुपेंद्र सर लाखनीला कॉलेजात शिकवतात. त्यांनी कुठून तरी शोधून काढलं की सालामांका नावाच्या शहरात उन्हाळ्यात चार आठवड्यांचा वर्ग असतो. राहायचं तिथल्याच एखाद्याच्या घरात, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचं, त्यांच्याशीच बोलायचं, म्हणजे भाषा अंगात मुरते म्हणे. सरांनी पोरीला पाठवून दिलं. दात आहेत त्याला चणे नाहीत आणि चणे आहेत त्याला दात नाहीत, असं म्हणतात ते काय उगाच?

बरं, रुचिका परकी असती तर राखीने दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण ती तिची भुजली होती. दोघी सातवीत असताना, सर गावच्याच शाळेवर होते तेव्हाची गोष्ट. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी भुजली तलावात शिरवली, चार काड्या एकमेकींच्या कानामागे खोचल्या आणि सगळ्या गावासमोर भुजली झाल्या. हा काही कॉलेजातला फ्रेंडशिप बँड नव्हे, आज बांधला अन् उद्या धुण्यात गेला. भुजलीची माय ती आपली माय, भुजलीचा बाप तो आपला बाप, आणि भुजलीचं नाव जन्मात तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच. नाव घेतलं की नातं तुटलं, आणि तुटलं ते पुन्हा जोडता येत नाही. आठ वर्षं दोघींनी हे काटेकोर पाळलं होतं. रुचिका विमलाबाईला 'माय' म्हणायची, सरळ चुलीपाशी येऊन बसायची, आणि विमलाबाईही पहिली भाकर तिच्या ताटात टाकायची. तेव्हासुद्धा राखीला ते थोडं टोचायचंच. खोटं कशाला बोला!

स्पेनला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रुचिकाचा फोन आला. ती न्हाणीत दार लावून रडत होती.

"भुजली, मी मेली वो! मले काहीच समजून नाही राहिलं. ह्या घरची बुढी इतकी फटाफट बोलते की मी नुसती हाव हाव करते. काल तिनं काय विचारलं कोणाले माहीत, मी हाव म्हटलं तं ताटात आणखी चार मासे पडले."

"मंग मी काय करू?" राखी म्हणाली. आवाज एकदम कोरडा ठेवला होता, पण मनात अशा गुदगुल्या झाल्या म्हणता!

"तू माह्या कानात सांग ना. मी केस मोकळे सोडते, आत इअरफोन घालते. जेवताना फोन चालू ठेवीन. ती काय म्हणते ते तू ऐकजो अन् काय बोलाचं ते मले सांगजो. इथं अडीच वाजता जेवतात, तवा तुह्याकडं सहा वाजलेले असतात. रोवण्यातून तू सुटलेलीच असशील."

राखी हो म्हणाली. भुजलीसाठी म्हणाली असं तिने स्वतःला सांगितलं, पण खरं कारण वेगळंच होतं. तिला त्या घरात जायचं होतं. पायांनी जमलं नाही, तर कानांनी का होईना.

मग रोजचं ठरून गेलं. बाया बांधीतून घराकडे वळल्या की राखी पाय न धुताच तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसायची, कारण रेंज तिथेच मिळायची. कानात पहिल्यांदा खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग चमच्यांचा, आणि मग सेन्योरा एंकार्नाचा. सेन्योरा म्हणजे बाईसाहेब म्हणा. सत्तरीची विधवा बाई, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. गुडघे दुखतात म्हणून जिन्याला शिव्या द्यायची, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याशी भांडायची, मसुराच्या डाळीत डुकराच्या मांसाचे तुकडे टाकायची आणि खा खा म्हणून मागे लागायची. आठ दिवसांत राखीला तिचा खोकलासुद्धा ओळखू येऊ लागला. सेन्योरा विनोद करायची तेव्हा पाळीवर बसलेली राखी आधी हसायची, मग भानावर येऊन म्हणायची, "भुजली, हास. तिनं जोक केला." तिकडे रुचिका हसायची. जरा उशिरानेच.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी सेन्योराने विचारलं, "मुली, तुझी आई काय करते?"

आता रुचिकाची आई, कामिनीबाई, घरीच असते; दुपारी झोपते, संध्याकाळी ओट्यावर बसते. तेवढं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण राखी चिखलाच्या पायांनी बसलेली, समोरून तिची माय कंबरेवर हात ठेवून, लंगडत घराकडे चाललेली. आई म्हटल्यावर राखीच्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. माझी आई भात लावते, असं तिने सांगितलं. दिवसभर वाकून, पाण्यात उभी राहून, मागे मागे सरकत. रुचिकाने ते जसंच्या तसं म्हणून टाकलं. 'मी माद्रे', माझी आई, हे शब्द तर तिने फारच गोड म्हटले.

सेन्योराचा चमचा थांबला. तिचा बाप डोंगरातला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी भाताच्या लावणीला वालेन्सियाकडे मजुरीला जायचा आणि सुजलेले पाय घेऊन परत यायचा. त्याच्यानंतर या घरात भातलावणीचं नाव कोणी काढलं नव्हतं. मग काय विचारता! एका चिमटीत किती रोपं धरता? जळवा लागतात का? गाणी म्हणता का? कंबर जास्त दुखते की गुडघे? राखीने एकूणएक सांगितलं. ज्याचे शब्द येत नव्हते ते वळसा घालून सांगितलं. सांगता सांगता तिला स्वतःलाच रडायला आलं, आणि तिकडे सेन्योराही नाक पुसू लागली. मग खुर्ची सरकली, पावलं जवळ आली आणि "माझं लेकरू ते" असं म्हणत सेन्योराने दोन मुके घेतले. मुक्यांचा आवाज राखीच्या कानात आला. गाल रुचिकाचा होता.

जेवण झाल्यावर रुचिकाने खोलीतून फोन केला तेव्हा राखी म्हणाली, "भुजली, मी तं माह्या मायचं सांगतलं. चुकून निघून गेलं."

रुचिका हसली. "चुकून कायचं? ते माही बी मायच आहे ना. आपण भुजली आहो, मंग?"

रीतीप्रमाणे तिचं बरोबर होतं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच राखीचा जळफळाट दुप्पट झाला. भाषा माझी, बोलणं माझं, आता मायसुद्धा हिची! त्या रात्री तिला भाकर गोड लागली नाही.

पुढे पुढे सेन्योरा रुचिकाला काही दुसरं विचारेचना. आज आईने किती लावणी केली? गुडघा कसा आहे? राखी कानात सांगायची, रुचिका तोंडाने म्हणायची, आणि लाड व्हायचे ते रुचिकाचे. तिच्या आवडीचा तांदूळ शिजायचा. तिच्यासाठी बाजारातून चप्पल आली. रविवारी सेन्योरा तिला नदीवरच्या जुन्या पुलावर फिरायला घेऊन गेली आणि मैत्रिणींना म्हणाली, "ही माझ्या घरातली मुलगी." त्याचा फोटो रुचिकाने लगेच पाठवला. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं! राखीने फोटो मोठा करून सेन्योराचा चेहरा पाहिला, रुचिकाचा पाहिला नाही.

तिसऱ्या आठवड्यात घाव बसला. सेन्योरा जेवताना म्हणाली, "पुढच्या वर्षी ये. महिनाभर नाही, वर्षभर. मागची खोली रिकामीच आहे. मला त्याचे पैसे नकोत. माझी भाची तुमच्या शाळेच्या ऑफिसात आहे, फीचं मी तिच्याशी बोलले. ज्या मुलीची आई चिखलात उभी राहते, तिच्याकडून मी भाडं घेतलं तर माझा बाप मला स्वप्नात येऊन मारेल. पुढच्या शनिवारी तुझं शेवटचं जेवण आहे, तेव्हा मला सांग."

 पाळीवर राखीच्या कानात रुचिका कुजबुजत होती, "भुजली, काय म्हणून राहिली ते? सांग ना वो."

राखीने सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. लपवलं असतं तरी चाललं असतं, पण तेवढी वाईट ती नव्हती. निदान तोपर्यंत तरी नव्हती.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी रुचिकाचा फोन आला तो नाचतच. "भुजली, बाबा तं खुश होऊन पेढे वाटून राहिले! उद्या मस्त शब्दात हाव म्हणून सांगजो. बुढी रडलीच पाहिजे. अन् तू काही टेन्शन नोको घेऊ, मी वर्षभर तुले रोज फोन करीन ना. आपण दोघी मिळूनच राहू तिथं."

मिळून! म्हणजे ही तिथल्या पलंगावर आणि मी इथल्या पाळीवर. एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडून निघालं असतं की भुजली, ही खोली खरं तं तुही आहे, तर राखीने तिथल्या तिथे ती तिला देऊन टाकली असती. हे राखीला मनापासून वाटत होतं. खरंच दिली असती की नाही, देव जाणे. पण ते निघालं नाही, कारण रुचिकाच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. ती कपटी नव्हती हो. तिला आयतं मिळायची सवय होती, एवढंच.

शनिवारी दिवसभर राखी रोवत होती आणि मनात एकच वाक्य घोळवत होती. भात लावणारी आई माझी नाही, राखीची आहे. माझ्या तोंडून बोलते तीही राखीच. वाक्य सोपं होतं. रुचिका पोपटासारखी म्हणून टाकेल आणि म्हटल्यावर तिला कळेल. फक्त एक गोष्ट राखीला दुपारपर्यंत सुचली नव्हती, आणि सुचली तेव्हा तिच्या हातातली पेंडी पाण्यात पडली. त्या वाक्यात तिचं नाव होतं. तिथे 'मैत्रीण' म्हणता आलं असतं. राखीने तसं म्हणून पाहिलं, दोनदा पाहिलं. पण मैत्रीण म्हणजे कोण? कोणीही! राखीला त्या घरात आपलं नाव ऐकायचं होतं. नातं राहो नाहीतर जावो.

सहाला ती पाळीवर बसली. खुर्ची सरकली. चमचे वाजले. सेन्योराने बराच वेळ इकडचं तिकडचं केलं आणि मग घसा साफ करून विचारलं, "मग? काय ठरवलंस?"

"बोल," राखी कानात म्हणाली. "सेन्योरा, भात लावणारी आई माझी नाही."

रुचिकाने म्हटलं. चार आठवड्यांत तिला थोडं समजायला लागलं होतं; शेवटच्या शब्दाला तिचा आवाज डळमळला. पण सवयीने म्हणून गेली.

"ती राखीची आहे."

हे वाक्य रुचिकाने म्हटलं नाही. ती मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "भुजली, हे काय करून राहिली तू?"

"माहं नाव घे."

"नाही घेत. भुजली, असं नोको करू. तुले खोली पाहिजे का? मी सांगते ना तिले, मी दुसऱ्या शब्दात सांगते. नाव नोको घ्यायले लावू."

हेच तर ऐकायचं होतं ना गेले आठ दिवस? आता मिळालं तर राखीला ते पुरेना. इरेला पेटलेला माणूस असा कुठे विझतो! "चार हप्ते माह्या तोंडानं जेवली," ती म्हणाली. "घे नाव. घे!"

सेन्योरा विचारत होती, "काय झालं मुली? कोणाची आई? कोणाची?"

आणि रुचिकाने सांगितलं. "राखी." आठ वर्षांत पहिल्यांदा. स्पष्ट, मोठ्याने, हजेरी घेतात तसं. मग खसखस आवाज झाला, तिने कानातलं काढलं होतं, मोडक्या स्पॅनिशमध्ये 'रोज हीच बोलते' म्हणाली, आणि फोन टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज आला.

थोड्या वेळाने सेन्योराचा श्वास अगदी जवळ ऐकू आला. "राखी? ऐकते आहेस?"

"ऐकते आहे, सेन्योरा."

"म्हणजे चार आठवडे तू माझ्या टेबलाशी बसली होतीस आणि मी तुझं ताटच मांडलं नाही?" बाई रागावली की रडली, ते राखीला कळलं नाही. पुष्कळ बोलली ती. फसवलंत म्हणाली, दोघींना धरून बोलली, मग शांत झाली. शेवटी म्हणाली, "खोली भात लावणाऱ्या बाईच्या मुलीसाठी आहे. मी शब्द फिरवत नाही. तू येशील का?"

"हो," राखी म्हणाली. तिथे 'सी' म्हणतात. एवढासा शब्द, लगेच निघाला. मागे कुठेतरी एक दार लागल्याचा आवाज आला.

घरी येऊन राखीने मायला सांगितलं की मला स्पेनला बोलावलंय, वर्षभरासाठी. विमलाबाईने लुगड्याच्या पदराने तोंड झाकून घेतलं आणि हसली. दुसऱ्या दिवशी बांधीत सगळ्या बायांना सांगून झालं, माही पोट्टी विमानानं जाते म्हणून. मग म्हणाली, "अन् तुही भुजली खुश झाली असंल, नाही वो? ते आली का तिच्या आवडीचे वडे करतो." राखी खाली मान घालून रोपं लावत राहिली. नावाचं तिने सांगितलं नाही.

रुचिका परत आली ते राखीला फेसबुकवरून कळलं. फोन नाही, निरोप नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी अंगणात स्कूटी थांबली. दोघी मायलेकी नुकत्याच बांधीतून येऊन पाय धूत होत्या.

"राखी आहे का घरी?"

विमलाबाईच्या हातातून पाण्याचा गडवा खाली पडला. गावातली कोणीही बाई विचारेल तसं विचारलं होतं, आणि विचारणारी होती रुचिका. ती पुढे आली, पण नेहमीसारखी आत चुलीकडे गेली नाही. अंगणातच उभी राहून तिने पिशवीतून एक मलमाची ट्यूब काढली. "काकू, हे तुमच्या गुडघ्यासाठी. सेन्योराने दिलंय. दिवसातून दोनदा लावा." मग राखीकडे वळली. "तुझं पत्र आहे, राखी. अभिनंदन."

सगळं शुद्ध मराठीत. बँकेत बोलतात तसं.

"काकू?" विमलाबाई म्हणाली. "अवो, मी काकू कवा झाली? बस ना माय, वडे तळतो तुह्यासाठी. दाळ भिजूच घातली आहे."

"नको काकू, उशीर होतो. आई वाट पाहते."

स्कूटी सुरू झाली. विमलाबाईने राखीकडे पाहिलं. "तिनं तुहं नाव कायले घेतलं?"

"मीच घ्यायले लावलं," राखी म्हणाली.

माय ओरडेल, दोन ठेवून देईल, असं राखीला वाटलं. तसं काही झालं नाही. विमलाबाई ट्यूब हातात धरून ओल्या पायांनी फाटकाबाहेर गेली, लंगडत रस्त्यापर्यंत गेली, आणि "थांब ना वो पोरी" अशी एक हाक मारली. स्कूटी थांबली नाही. तलावाच्या वळणावर ती दिसेनाशी झाली, तिचा आवाजही बंद झाला, दोन ट्रॅक्टर येऊन गेले, तरी माय तिथेच उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. राखी पत्र हातात घेऊन दारात उभी राहून तिच्याकडे पाहत होती. आपण जाऊ तेव्हा माय इतका वेळ रस्त्यावर उभी राहणार नाही, हे तिला पक्कं कळलं, आणि त्या पोरीचा तिला आधी कधी आला नव्हता एवढा हेवा वाटला.